मुशीत गेली होती का?

"आईची अंगठी दुरुस्त करून आणली," म्हणून लोक जी दाखवतात, ती बऱ्याचदा आईची नसतेच. तशाच नक्षीची, कोरी करकरीत नवी अंगठी असते. मोड आणि दुरुस्ती यांतला हा घोळ इतक्यांदा पाहिलाय, की आता मी आधी एकच विचारतो: मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, गेली होती का?

मोड सगळ्यांना ठाऊक असते. सोनं तपासायचं, खडे वजा, घट वजा, उरलेल्याचा भाव. नव्या दागिन्याची मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वेगळा. जुन्या पाटल्या खुशाल मोडा.

घोळ होतो तो झिजलेल्या अंगठीपाशी. २२ कॅरेटचं सोनं मऊ. तळहाताकडची बाजू रोज घासून पत्र्यासारखी होते आणि एक दिवस चिरते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काकू, यात काही राम नाही, सेम नवीन करून देतो." इथे मान डोलवू नका. पातळ झालेला तेवढाच भाग कापून त्याच कॅरेटच्या सोन्याचा जाड तुकडा झाळून जोडता येतो. अर्धी पट्टी नवी आली तरी ती दुरुस्तीच, कारण कोंदण आणि वरची नक्षी जागची हललेली नसते. मुशीत मात्र सगळंच जातं, हॉलमार्कसकट. आणि समोर वितळवून घेतलं नसेल, तर "सोनं तरी आईचंच" हेही खात्रीने म्हणता येत नाही.

देताना वजन चिठ्ठीवर लिहून घ्या. असा तुकडा घातलेली अंगठी परत येताना जड यायला हवी. झाळताना आच लागते. हिरा ती सोसतो, मोती, पोवळं, पाचू सोसत नाहीत. खडा आधी काढणार की लेझरने जोडणार, हे विचारा.

पॉलिश आणि मुलामा यांतला फरक एका ओळीचा: पॉलिश सोनं झिजवतं, मुलामा वर थर चढवतो. दर दिवाळीला पॉलिशचा सोस असेल, तर नक्षी कुठे गेली म्हणून कारागिरावर डाफरू नये.

माझ्या आईच्या अंगठीत आतून '१२-५-७४' कोरलंय. त्यातला ४ वाचवायला कारागिराने जोड जरा तिरका घेतला. नखाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही.