हमिंगबर्ड तिकडचा, शिंजीर इकडचा

पुण्या-ठाण्याच्या गॅलरीत जास्वंदीवर इवलासा चकचकीत पक्षी आला की ‘आमच्याकडे हमिंगबर्ड!’ म्हणून त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो. तो हमिंगबर्ड नसतो. हमिंगबर्डांच्या साधारण ३६० जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर-दक्षिण अमेरिकेतच राहतात. आपल्याकडचा हा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. नुसत्या नावाची गल्लत असती तर सोडून दिलं असतं, पण त्यापायी लाल प्लास्टिकचा फीडरही, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवायचं भांडंही, मागवला जातो.

दोघांचं नातं अगदी लांबचं. हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा, तर शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या गणातला. मध पिण्याच्या सवयीनं दोघांना लांब चोच आणि नळीसारखी जीभ मिळाली, इतकंच. ओळखायचं तर पिताना बघा. अमेरिकेच्या पूर्व भागातला माणिककंठी हमिंगबर्ड जेमतेम ३ ग्रॅमचा. सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख हलवत तो फुलासमोर हवेत थांबतो, उलटाही उडतो. शिंजीर देठावर बसतो, वाकतो, वेळ पडली तर उलटा लोंबकळतो. क्षणभर हवेत थांबणं त्यालाही जमतं, पण तो त्याचा नेहमीचा रिवाज नाही. (तिन्हीसांजेला फुलापुढे थरथरणारं, लांब सोंडेचं काही दिसलं, तर तो बहुधा हॉकमॉथ हा पतंग असतो.)

आता फीडर. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी तो जरूर लावावा. एप्रिलच्या अखेरीस हमिंगबर्ड तिथे पोचतात आणि शरद ऋतूत दक्षिणेकडे निघतात. त्यातले बरेच मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, त्यामुळे निघण्याआधी त्यांना अंगावर चरबी साठवावी लागते. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस. साखरेपेक्षा गूळ-मध बरा हा आपल्या घरातला नियम इथे चालत नाही: पाण्यात कालवलेला मध लवकर आंबतो, बुरशी धरतो, आणि गुळातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. लाल रंग घालायची तर मुळीच गरज नाही, फीडरचा लाल भाग पुरतो. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि फीडर गरम पाण्यानं घासा; हे जमणार नसेल तर लावूच नका. एखादा नर फीडर अडवून इतरांना हुसकावतो, म्हणून दुसरा फीडर पहिल्यावरून दिसणार नाही असा टांगावा. फीडरमुळे पक्षी स्थलांतर विसरतात ही भीती खोटी आहे. दिवस लहान होऊ लागला की ते निघतातच. कॅलिफोर्नियातला अ‍ॅनाज हमिंगबर्ड मात्र थंडीतही तिथेच राहतो.

महाराष्ट्रात फीडर नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. शिंजीर त्यावर येईलही, पण आपल्या उकाड्यात ते पाणी पाहता पाहता आंबतं आणि मुंग्यांची रांग लागते. फीडरवर रमलेल्या पक्ष्याच्या डोक्याला परागही लागत नाहीत. बांडगुळाच्या फुलांचं परागीभवन मोठ्या प्रमाणात शिंजिरांवर अवलंबून आहे. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर आणि डोंगरात धायटी, असं त्यांचं ताट वाढलेलं असतं. कुंडीत लावायचं तर जास्वंद, अडुळसा आणि हमेलिया. हमेलिया मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. तिथे तिच्यावर हमिंगबर्ड येतात, इथे शिंजिरांची झुंबड उडते.

मधानं दोघांचंही भागत नाही. पिल्लांच्या वाढीला किडे आणि कोळी लागतात, त्यामुळे कीटकनाशक फवारलं की त्यांचं अर्धं जेवण गेलं. घरट्यालाही कोळ्याचं जाळं लागतंच. हमिंगबर्डाची मादी त्यानं फांदीवर छोटी उघडी वाटी विणते आणि पिल्लं एकटीच वाढवते. शिंजिराची मादी लोंबती पिशवी विणते, दाराला छोटी वळचण काढते. मात्र तिचा नर पिल्लांना भरवायला येतो. घरट्यासाठी गॅलरीच्या एका कोपऱ्यातली कोळ्यांची जाळी राहू द्या. घरटं कपड्यांच्या दोरीलाच झालं, तर अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तोवर कपडे दुसरीकडे वाळवा, आणि फोटोसाठी जवळ जाऊ नका.