जिन्याजवळची खोली

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार तरुणींना काहीच करायचं नव्हतं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या एका मोठ्या वर्गात त्यांनी विद्यार्थिनींसारखं यायचं, बसायचं आणि तास संपला की निघून जायचं. कुणाशी बोलायचं नाही, ओळख वाढवायची नाही. एक जण सत्रभरात १५ वेळा आली, दुसरी १०, तिसरी ५ आणि चौथी एकदाही नाही. सत्र संपताना वर्गाला चौघींची छायाचित्रं दाखवली. ‘हिला पाहिलंय’ असं ठामपणे म्हणणारे थोडेच निघाले. पण यातली कोण आवडेल, कुणाशी आपलं जमेल, असं विचारल्यावर जी जास्त वेळा येऊन गेली तिच्या बाजूने जास्त कौल पडला.

नव्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात ‘माझा स्वभावच अबोल, माझं इथे कसं होणार’ म्हणून खचणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मैत्रीत स्वभावाला आपण फार मान देतो. पण दोन माणसं मुळात एकमेकांच्या वाटेत किती वेळा येतात, हा प्रश्न स्वभावाच्या आधीचा आहे.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा अमेरिकेतल्या एमआयटीतला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतून शिकायला आलेल्या, लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथे एक वसाहत उभारली होती. घरं निवडून मिळत नसत. रिकामं होईल ते पदरात पडायचं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या कुटुंबांना ‘तुमची ऊठबस कुणाकडे’ असं विचारलं आणि १९५० मध्ये निष्कर्ष मांडले. एकाच मजल्यावर अगदी शेजारी राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के जोड्यांची मैत्री होती. मध्ये एक घर आलं की प्रमाण २२ टक्क्यांवर, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्क्यांवर. ही दोन टोकं म्हणजे अंतर तरी किती? मध्ये तीन घरं! तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं दार होतं, त्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त मैत्री होती. ती माणसं काही जास्त गप्पिष्ट नव्हती. वरचे लोक येता-जाता त्यांच्या दारावरून जायचे, एवढंच.

जर्मनीत २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून गमतीचा. मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या बैठकीत चिठ्ठ्या काढून जागा दिल्या. वर्षभराने पाहिलं, तर त्या एका बैठकीत शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची मैत्री इतरांपेक्षा घट्ट होती. ज्याला आपण ऋणानुबंध म्हणतो, त्यात खुर्चीच्या नंबराचाही हात असतो.

अर्थात शेजार म्हणजे मैत्री नव्हे. त्याला वेळ घालावा लागतो. किती, हे कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मोजायचा प्रयत्न केला. नव्या गावी गेलेली माणसं आणि कॉलेजात नुकतेच आलेले विद्यार्थी यांच्याकडून त्यांनी माहिती घेतली. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास लागतात, पक्क्या मैत्रीला ९०च्या आसपास आणि जिवलग म्हणण्याइतकी जवळीक यायला २०० हून अधिक. हे आकडे अंदाजाचे आहेत, घड्याळ लावून बसायचे नाहीत. तरी हिशेब करून बघा: १६ आठवड्यांच्या सत्रात ५० तास म्हणजे आठवड्याला तीन तासांपेक्षा थोडे जास्त, २०० तास म्हणजे आठवड्याला साडेबारा. म्हणजे पहिल्या महिन्यात जिवलग कुणी मिळालं नाही, यात बिघडलेलं काहीच नसतं. शिवाय वर्गात किंवा कामावर शेजारी बसून काढलेले तास या हिशेबात फारसे धरता येत नाहीत, असंही हॉल यांना दिसलं. मोजायचे ते तास गप्पांचे, भटकण्याचे, रिकामटेकडेपणाचे.

म्हणूनच एका दिवसाच्या स्वागत समारंभावर माझा फारसा विश्वास नाही. फुगे, नावाचे बिल्ले, ‘स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगा’ आणि संध्याकाळी सगळे पांगतात. त्याऐवजी तेच पंधरा जण दर आठवड्याला त्याच वेळी भेटतील असं काहीही चालेल. आणि त्यातलं एखादं गाण्याचं असेल तर उत्तम. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांसाठीच्या गायन, हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांची सात महिने तुलना केली. अखेरीस सगळेच गट सारखे जवळ आले होते, पण गाणाऱ्यांची भीड पहिल्या महिन्यातच चेपली होती. एकत्र सूर लावायला आधी एकमेकांची माहिती लागत नाही.

आता दुसरी अडचण. ती मनातली आहे आणि जिना हलवून सुटत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ४८ टक्क्यांना वाटत होतं की इतरांना आपल्यापेक्षा जास्त जवळचे मित्र मिळालेत. उलट वाटणारे ३१ टक्केच. सगळ्यांचाच क्रमांक सरासरीच्या खाली कसा लागेल? यामागचं कारण सरळ आहे. लोकांचं हसणं-खिदळणं कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर चालतं. एकटेपण खोलीचं दार लावून. आपण स्वतःचं दाराआडचं आयुष्य दुसऱ्याच्या कॅन्टीनमधल्या आयुष्याशी ताडून बघतो. भरीला आणखी एक गैरसमज असतो. पहिल्यांदा बोलून झाल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलो असू त्याहून कमी आवडलो, असं बहुतेकांना वाटतं. येल विद्यापीठात एकत्र राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता. दोन्हीकडे तीच समजूत, म्हणून पुढचं पाऊल कुणीच टाकत नाही.

हा गैरसमज निव्वळ सांगून दूर करता येईल का? ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी करून पाहिलं. पहिल्या वर्षी परकं वाटणं बहुतेकांच्या वाट्याला येतं आणि हळूहळू ओसरतं, अशी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांची मनोगतं त्यांनी नव्या मुलांना वाचायला दिली, त्यावर लिहायला लावलं. सगळा मामला तासाभराचा. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली तफावत निम्म्यावर आली. जादू वाटावी असं हे प्रकरण. पण २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर हाच उपाय ऑनलाइन करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची मर्यादाही कळली. ज्या कॉलेजात त्या त्या गटातल्या विद्यार्थ्यांना सामावून घेणारं वातावरण खरोखर होतं, तिथेच तो लागू पडला. ‘तूही इथलाच आहेस’ हे वाक्य खोट्या जागी कामाला येत नाही.

आधाराचंही असंच आहे. ‘काही अडलं तर केव्हाही या, दार उघडं आहे’ असं जवळजवळ प्रत्येक शिक्षक आणि समुपदेशक मनापासून सांगतो, आणि दारात कुणी येत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स या संशोधकांच्या अभ्यासात हे दिसलं: मदत करणाऱ्यांचा अंदाज असतो की बरेच जण येतील, प्रत्यक्षात त्याहून कमी येतात, मागण्यात किती संकोच असतो याचा मदत करणाऱ्याला विसर पडतो. मागणाऱ्याचं गणितही चुकतंच. फ्लिन यांच्याच २००८ सालच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. पाच होकारांसाठी वीसेक जणांना विचारावं लागेल असं त्यांना वाटलं. दहा-अकरा जणांतच काम झालं. म्हणून ‘कुणाला मदत हवी आहे का?’ असं विचारून थांबण्यापेक्षा पहिली भेट सगळ्यांनाच वेळापत्रकात लावून देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सगळेच जाणार असतील, तर जाण्यात ओशाळं वाटण्यासारखं काही उरत नाही.

आणि प्रत्येक आधार जिवलगच असावा असंही नाही. २०१४ मधल्या एका अभ्यासात ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी दोन शब्द झाले, त्या दिवशी विद्यार्थी अधिक आनंदी असल्याचं दिसलं. हे वर्गमित्र म्हणजे ज्यांचं आडनावही धड ठाऊक नसतं असे.

फेस्टिंगर यांच्या त्या वसाहतीत स्वतंत्र घरांचाही एक भाग होता. घरं इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी, मधल्या अंगणाकडे तोंड करून मांडलेली. फक्त टोकाची दहा घरं रस्त्याकडे वळवलेली होती, रस्ता ओकाबोका वाटू नये म्हणून. त्या दहा घरांत राहणाऱ्यांना वसाहतीत मिळालेले मित्र अंगणाकडे दार असलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. कागदावर घरांचं तोंड फिरवताना त्यातून असं काही होईल, हे आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसणार.