राणी इटलीची, दादले येवल्याचे

फेब्रुवारीत येवल्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या गोंड्यांची रानं लागतात. बियाण्यासाठी राखलेला कांदा, म्हणजे आपला डोंगळा. अशाच एका रानाच्या बांधावर आमच्या काकांच्या आठ मधपेट्या आहेत. परवा गेलो तर काका एका पेटीचं झाकण काढून तोंड पाडून उभे. "राणी म्हातारी झाली रे. बदलावी लागणार. तू एवढं वाचतोस, सांग, कुठल्या जातीची आणू? इटालियन आहेच, त्याहून चांगली कुठली?"

उत्तर द्यायच्या आधी मी पेटीतली पोळ्याची चौकट हातात घेतली. चांगल्या चौकटीवर पिल्लांची मेणानं बंद केलेली घरं सलग असतात, भरलेल्या कणसासारखी. ही मात्र पाखरांनी टिपलेल्या कणसासारखी होती. चार घरं बंद, एक रिकामं, दोन बंद, तीन रिकामी. पण एक गोष्ट म्हातारपणाशी जुळत नव्हती. राणीजवळचा शुक्राणूंचा साठा संपत आला की तिची अंडी फळत नाहीत, आणि न फळलेल्या अंड्यांतून नर जन्मतात. मग कामकरी माश्यांच्या घरांवर फुगीर, घुमटासारखी झाकणं दिसू लागतात. इथं तसं एकही नव्हतं. अळ्याही मोत्यासारख्या पांढऱ्या, म्हणजे रोगाचीही लक्षणं नाहीत. चौकट परत ठेवली आणि चहा घेता घेता आधी जातींचंच बोललो, कारण काकांना तेच ऐकायचं होतं.

पेटीत पाळली जाणारी मेलिफेरा माशी आपल्याकडची नव्हे. १९६२ मध्ये नगरोटा बगवानला, तेव्हाच्या पंजाबात, ती यशस्वीपणे रुजवली गेली आणि पुढे देशभर पसरली. तिच्यात बरेच वंश आहेत. इटालियन पिवळसर, शांत आणि अंडी घालत सुटणारी. ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियाकडची कार्निओलन करडी आणि काटकसरी, हिवाळ्यात कुटुंब आटोपशीर ठेवणारी आणि वसंत आला की झपाट्यानं वाढणारी. कॉकेशियनची जीभ लांब, पण झाडांची राळ आणून ती अख्खी पेटी चिकटवून टाकते. परदेशी मधपाळ यांवर तासन्तास वाद घालतात. मात्र यातल्या बऱ्याचशा गुणांमागे बर्फाळ हिवाळा आहे. कुठली माशी कमी मधावर हिवाळा काढते, हा त्यांचा प्रश्न.

आपला प्रश्न उलटा. निफाडला थंडीत पारा कितीही उतरू दे, दुपारी माश्या फुलांवर असतातच. आपला उपासाचा काळ म्हणजे आषाढ-श्रावण. झड लागली की माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडली तरी फुलं कुठली? अशा वेळी इटालियन राणी हात आखडता घेत नाही. खाणारी तोंडं वाढतात आणि मधपाळ साखरेचा पाक करत बसतो. काकांनी गेल्या पावसाळ्यात किती साखर घातली, ते काकूंना विचारा.

आपली सातेरी, म्हणजे इथली देशी मधमाशी, या ऋतूंत हजारो वर्षं राहिलेली. उपासात ती पसारा आवरते. फारच हाल झाले, किंवा पोळ्याला मेणकिडा लागला, तर पेटी सोडून निघून जाते, आणि हीच तिची खोड मधपाळाला रडवते. मधही कमी, वर्षाला पाच-सात किलो. मेलिफेराची पेटी चांगल्या फुलोऱ्यात त्याच्या चौपट देते. पण व्हरोआ नावाचा जो तांबूस गोचिडासारखा कोळीकीटक मेलिफेराच्या वसाहती संपवतो, तो मूळचा या सातेरीच्याच प्रजातीवरचा. दोघांची जुनी ओळख. सातेरीच्या कामकऱ्या एकमेकींच्या अंगावरून तो टिपून काढतात आणि त्याची पैदास जवळजवळ नरांच्या घरांपुरतीच राहते. अर्थात सातेरी अजिंक्य नाही. १९९१-९२ च्या सुमाराला थाई सॅकब्रूड या विषाणूनं दक्षिण भारतातल्या तिच्या बहुसंख्य पेट्या रिकाम्या केल्या.

तेव्हा सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडे, जिथं हिरडा-जांभूळ आणि पावसानंतर पिवळीधमक खुरासणी असते, तिथं मी डोळे झाकून सातेरी म्हणेन, तीही तिथल्याच झाडाच्या ढोलीतली. येवल्याच्या डोंगळ्याला मात्र मेलिफेराच बरी. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि तो झेलणारी कुक्षी नंतर, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी न्यावाच लागतो. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम भरपूर. ते माश्यांना आवडत नाही, शेजारी दुसरं काही फुललेलं असलं की त्या तिकडे वळतात. अशा पिकाला माश्यांची फौज लागते, आणि ती टेम्पोत घालून आणता यावी लागते. सटाण्याच्या डाळिंबालाही माश्यांचा उपयोग होतो. द्राक्षबागेत पेट्या ठेवायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. द्राक्षाला माशीची गरज नाही, आणि तिथली फवारणी माशीला सोसत नाही.

"ते झालं," काका म्हणाले, "पण इटालियन की कार्निओलन?"

इथं खरी गोम आहे. राणी तरुणपणी एक-दोनदाच उडते. आभाळात दहा-वीस नरांशी तिचा संग होतो, आणि तो साठा तिला जन्मभर पुरतो. उद्या तुम्ही कितीही अस्सल राणी आणलीत, तरी तिच्या जागी येणारी लेक येवल्याच्याच आभाळात उडणार. तिथले नर कुणाचे, ते तुमच्या हातात नाही. दोन पिढ्यांत नाव इटालियनच राहतं, वंश मात्र सरमिसळ होतो. या आभाळाची ताकद ब्राझीलनं पाहिली. १९५६ मध्ये तिथले जनुकशास्त्रज्ञ वॉरविक केर यांनी जास्त मधाच्या आशेनं आफ्रिकी राण्या आणल्या. पुढच्या वर्षी २६ वसाहती निसटल्या. त्यांच्या राण्या आणि नर तिथल्या युरोपीय माश्यांत असे मिसळले की १९९० मध्ये ती तापट अवलाद अमेरिकेतल्या टेक्ससला पोहोचली.

आणि नर म्हणजे काय प्रकरण! त्याला बाप नसतो, आजोबा मात्र असतो, कारण तो आईच्या न फळलेल्या अंड्यातून येतो. काकांच्या टिपलेल्या कणसाचं कोडं इथंच सुटतं. माशीत नर की मादी, हे एका जनुकावर ठरतं. त्याच्या दोन वेगळ्या प्रती मिळाल्या तर मादी, एकच मिळाली तर नर. पण राणी आणि नर एकाच घराण्यातले निघाले आणि दोन्ही प्रती सारख्याच आल्या, तर फळलेल्या अंड्यातूनही नर होतो. असा नर निकामी. कामकऱ्या त्याची अळी काही तासांतच खाऊन टाकतात, आणि घर रिकामं होतं.

"काका, या आठ पेट्या आणल्या कुठून?"

"आणल्या दोनच, एकाच माणसाकडून. बाकीच्या त्यांच्याच फोडून केल्या."

म्हणजे भावकीतच सोयरीक. राणी म्हातारी नव्हतीच. हवं होतं ते वेगळं रक्त, मग जात कुठलीही असो. मी म्हटलं, दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या मधपाळाकडून राणी घ्या. श्रावणात ज्याच्या पेटीला कमीत कमी पाक लागला आणि जी धुराशिवाय उघडता येते, तिचीच लेक मागा.

पंधरा दिवसांनी राणी आली, काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात. जुनी काढून काकांनी पिंजरा दोन चौकटींच्या मध्ये अडकवला. लगेच सोडली असती तर परक्या वासाच्या राणीभोवती गोळा करून माश्यांनी तिला मारलं असतं. तिसऱ्या दिवशी काकांनी जाळीवरून बोट फिरवलं. आधी जाळी चावत चिकटून बसलेल्या माश्या आता अलगद बाजूला सरकल्या. राणी स्वीकारली होती.

सोडण्याआधी तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा होता. मधपाळांच्या जागतिक रिवाजाप्रमाणे सालाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असला की पांढरा. घरात सुनेचं नेलपॉलिश होतं, तेही लालभडक. काकांनी तेच लावलं. मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही, त्यामुळे पेटीत कुणाला पत्ताही लागला नाही.