अँग्विला: लंडनचा गव्हर्नर हवासा वाटलेले बेट

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज अँग्विला या ब्रिटनच्या ताब्यातील कॅरिबियन बेटाच्या पहिल्या महिला प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख झाल्या. तरी कार्यकारी परिषदेचे (मंत्रिमंडळाचे) अध्यक्षपद लंडनहून नेमलेल्या गव्हर्नरकडेच आहे. पोलिस, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार हेही गव्हर्नरच्याच अखत्यारीत. जेमतेम पंधरा हजार वस्तीच्या या बेटाने ही व्यवस्था भांडून मिळवली, हे सांगितले तर पटणार नाही.

भांडण होते शेजारच्या सेंट किट्स बेटाशी. ब्रिटिशांनी कारभाराच्या सोयीसाठी १८२५ पासून अँग्विलाला त्या बेटाच्या दावणीला बांधले. उसाचे मळे आणि सत्ता तिकडे. इकडे कोरडी जमीन, मिठागरे, मासेमारी. रस्ते, वीज, नळाचे पाणी यांसाठी अर्जविनंत्या करून लोक थकले. फेब्रुवारी १९६७ मध्ये सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला असे एकत्र स्वायत्त राज्य झाले, सूत्रे सेंट किट्सचे नेते रॉबर्ट ब्रॅडशॉ यांच्या हाती गेली आणि ३० मे रोजी अँग्विलाकरांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून हाकलून दिले. जुलैतल्या सार्वमतात वेगळे होण्याच्या बाजूने १,८१३ मते पडली, विरोधात फक्त ५.

लंडनला यातले काहीच नीट उमगले नाही. मार्च १९६९ मध्ये तिथून आलेले उपमंत्री विल्यम व्हिटलॉक यांना बंदुकीच्या धाकाने परत जावे लागले. आठवडाभरात तीनशेहून अधिक छत्रीधारी सैनिक बेटावर उतरले, सोबत लंडनचे पोलिस. सशस्त्र प्रतिकार करणारे कुणी नव्हतेच; अँग्विलाकरांचे नेते रोनाल्ड वेबस्टर यांच्या अनुयायांना ब्रिटिश अंमल नकोसा नव्हता, ब्रॅडशॉंचा होता. म्हणजे ज्यांना घेरायला फौज आली, त्यांचीच मागणी तिच्यामुळे पुढे सरकली. १९७१ पासून कारभार थेट ब्रिटनकडे आला, १९७६ मध्ये स्वतंत्र राज्यघटना मिळाली आणि १९ डिसेंबर १९८० रोजी कायदेशीर फारकत झाली.

सध्याची घटना १९८२ ची. २०१९ च्या दुरुस्तीने चीफ मिनिस्टरचा प्रीमियर झाला. सभागृहात आता ११ जण निवडून येतात, ७ मतदारसंघांतून आणि ४ साऱ्या बेटातून. कर बेटच ठरवते. शिवाय ‘डॉट एआय’ हे वेबपत्त्यांचे शेपूट अँग्विलाच्या नावे आहे; एआयच्या (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या) लाटेत त्या पत्त्यांच्या शुल्कातून २०२३ मध्ये सरकारी महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा आला. कर्ज काढायचे तर मात्र लंडनने आखलेली मर्यादा आजही पाळावी लागते.