मूत्रमार्गाचा संकोच, कॅथेटरजन्य

लघवीसाठी घातलेल्या कॅथेटरमुळे (नळीमुळे) किंवा मूत्रमार्गात बसवलेल्या अन्य साधनामुळे अस्तराला इजा होऊन तिथे वण धरणे आणि मार्ग अरुंद होणे. पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंमी लांब व वळणाचा असतो, स्त्रियांचा जेमतेम ४ सेंमी. त्यामुळे हा विकार मुख्यतः पुरुषांत आढळतो.

मूत्रमार्गाच्या अस्तराभोवती रक्ताने भरलेले स्पंजासारखे ऊतक असते. जाड नळीचा दाब सतत पडला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, जंतुसंसर्गाची भर पडते आणि भरून येताना ते ऊतक घट्ट, आक्रसलेले होते. फोली कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात ठेवून द्यायच्या नळीच्या टोकाशी फुगा असतो. तो मूत्राशयात पोचण्याआधीच फुगवला, किंवा भ्रमात असलेल्या रुग्णाने फुगलेल्या फुग्यासकट नळी ओढून काढली, तर मूत्रमार्ग आतून फाटतो. नळीतून लघवी आल्याखेरीज फुगा फुगवू नये, हा नियम म्हणूनच काटेकोर पाळायला हवा.

नळी कशाची आहे, यालाही महत्त्व आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयशस्त्रक्रियेनंतर अनेक पुरुषांत असे संकोच एकदम दिसू लागले. नळीच्या लॅटेक्समधून (रबरातून) झिरपणारी विषारी द्रव्ये आणि शस्त्रक्रियेदरम्यान मूत्रमार्गाचा घटलेला रक्तपुरवठा, ही त्याची कारणे मानली गेली. दीर्घकाळ ठेवायच्या नळीसाठी सिलिकॉन पसंत केले जाते ते यामुळे.

संकोचावर उपाय म्हणून बसवलेले साधनही उलटू शकते. यूरोल्यूम ही तारांच्या जाळीची नळी मार्ग उघडा राहावा म्हणून कायमची बसवली जाई. पुढे काही रुग्णांत जाळीच्या छिद्रांतून ऊतक आत वाढले, मार्ग पुन्हा बुजला आणि अस्तरात रुतलेल्या तारा काढणे मूळ आजाराहून कठीण ठरले. आता ती वापरात नाही.

नळी काढल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, धार बारीक होते किंवा फाटते, कुंथावे लागते, थेंब थेंब होत राहते. वयस्कर माणसांत हे सारे प्रोस्टेटच्या माथी मारले जाते; पूर्वी कॅथेटर घातला होता का, हे विचारायचेच राहून जाते. धारेचा वेग मोजणारी यूरोफ्लोमेट्री आणि रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे यांवरून निदान पक्के होते.

आखूड, पहिल्याच संकोचाला दुर्बिणीतून छेद देणे रास्त असते. पण तो पुन्हा आवळला तर तोच छेद वारंवार देण्यात फारसा अर्थ नाही. दर वेळी वण लांबत जातो. तेव्हा मूत्रमार्गाची पुनर्रचना करावी लागते. त्यासाठी गालाच्या आतले अस्तर वापरतात: ते ओलाव्याला सरावलेले, केसविरहित आणि चटकन रुजणारे असते. लांबलचक संकोचासाठी पुण्याचे शल्यचिकित्सक संजय कुलकर्णी यांनी एकाच बाजूने मूत्रमार्ग मोकळा करण्याची पद्धत विकसित केली. दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा व नसा शाबूत राहतात, हा तिचा मोठा लाभ. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत जगभर 'कुलकर्णी तंत्र' म्हणून ओळखली जाते. गुटखा, तंबाखू चघळणाऱ्यांत मात्र गालाचे अस्तर कडक आणि निकृष्ट झालेले असते, त्यामुळे त्यांच्यात पुरेसा चांगला तुकडा मिळवणेच अवघड जाते.