जैवभार आणि उत्पादकता: विहिरीतलं पाणी वेगळं, झरा वेगळा

परिसंस्था कशी चालते हे मोजताना सगळ्यात जास्त गल्लत होते ती या दोन संज्ञांची. जैवभार म्हणजे आज, या क्षणी एका चौरस मीटरवर उभं असलेलं सजीव वस्तुमान. त्याचं एकक ग्रॅम प्रति चौरस मीटर. प्राथमिक उत्पादकता म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून नवं सेंद्रिय द्रव्य तयार होण्याचा वेग. तिच्या एककात काळ असतोच: प्रति तास, प्रति दिवस, प्रति वर्ष. विहिरीत किती पुरुष पाणी आहे हा पहिला प्रश्न, झरा तासाला किती देतो हा दुसरा. उपसा जोरात असेल तर झरा भरपूर वाहत असूनही विहिरीचा तळ दिसतो.

समुद्रात नेमकं हेच घडतं. जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये सुमारे 450 अब्ज टन कार्बन साठलेला आहे, तर समुद्रातल्या सगळ्या वनस्पतिप्लवकांत (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म, प्रकाशसंश्लेषण करणारे जीव) आणि शैवालांत मिळून जेमतेम 1 अब्ज टनाच्या आसपास. पण वर्षाची निव्वळ भर पाहिली तर जमीन सुमारे 56 आणि समुद्र सुमारे 48 अब्ज टन, म्हणजे जवळपास बरोबरीच. साठ्याला भरीने भागलं की जमिनीवरचा कार्बन सरासरी आठेक वर्षं टिकतो आणि समुद्रातला आठवडाभर, हे लगेच लक्षात येतं. प्लवक पेशी वाढते आणि लगेच खाल्ली जाते. म्हणून उपग्रहाने टिपलेला हरितद्रव्याचा रंगीत नकाशा थेट ‘उत्पादकतेचा नकाशा’ म्हणून वाचू नये. तो साठा दाखवतो. त्यावरून वेग काढायला प्रकाश आणि तापमान यांची जोड लागते.

दख्खनच्या गवताळ माळावर चूक दुसऱ्या प्रकारे होते. पावसाळा संपल्यावर 1 मीटर × 1 मीटरची चौकट टाकायची, आतलं गवत जमिनीलगत कापायचं, 70 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं आणि तो आकडा ‘वार्षिक उत्पादन’ म्हणून लिहायचा. प्रत्यक्षात तो शिल्लक साठा आहे. मेंढ्यांनी खाल्लेलं, मधेच वाळून गळालेलं आणि जमिनीखालची मुळं त्यात नाहीतच. शिवाय पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांची वाढ एकाच आठवड्यात कळसाला पोचत नाही. उपाय असा: चराई रोखणारे पिंजरे लावा, दर महिन्याला नव्या जागी कापणी करा, हिरवं, उभं वाळलेलं आणि पडलेलं गवत वेगवेगळं तोला, आणि महिन्यागणिक झालेल्या वाढीची बेरीज करा. इथे उलटा धोकाही आहे. चौकटी कमी असल्या तर योगायोगाने आलेले चढही वाढ म्हणून मोजले जातात, उतार मात्र सोडून दिले जातात, आणि बेरीज फुगते.

जंगलात झाडांचे घेर 1.37 मीटर उंचीवर मोजून समीकरणाने जैवभार काढतात. वेग हवा असेल तर तीच झाडं काही वर्षांनी पुन्हा मोजावी लागतात, तीही त्याच महिन्यात, कारण कोरड्या दिवसांत खोड आकसतं. गळणारी पानं गोळा करायला जाळ्या वेगळ्या लावाव्या लागतात.

तलावात मात्र वेग एका सकाळीत मोजता येतो. पारदर्शक आणि काळ्या बाटल्यांची ही पद्धत गार्डर आणि ग्रान या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी 1927 मध्ये मांडली. एकाच खोलीवरच्या पाण्याने 300 मिलिलिटरच्या तीन बाटल्या भरा. पहिलीतला विरघळलेला ऑक्सिजन लगेच विंकलर पद्धतीने (रसायनांनी ऑक्सिजन बांधून मोजायची रीत) स्थिर करा: मॅंगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड, प्रत्येकी 2 मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. तपकिरी साका यायला हवा. पांढरा आला तर पाण्यात ऑक्सिजनच नाही. दुसरी पारदर्शक आणि तिसरी काळी बाटली त्याच खोलीवर 4 तास टांगा. काळीत उजेड नसल्याने फक्त श्वसन चालतं.

समजा, सुरुवातीला लिटरमागे ऑक्सिजन 7.0 मिलिग्रॅम होता, पारदर्शक बाटलीत 8.2 झाला आणि काळीत 6.4 उरला. निव्वळ भर 1.2, श्वसन 0.6, म्हणून स्थूल (श्वसनात खर्च झालेलं धरून एकूण) उत्पादन 1.8. तासाला 0.45 मिलिग्रॅम ऑक्सिजन. कार्बनमध्ये हवं असेल तर 12/32 ने गुणून 1.2 ने भागा (हा प्रकाशसंश्लेषणाचा नेहमी धरला जाणारा भागांक, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे सुटणारे ऑक्सिजनचे रेणू): घनमीटरमागे तासाला सुमारे 141 मिलिग्रॅम.

बिघडतं कुठे? बुडबुडा अडकला की ऑक्सिजनचा आकडा चढतो. काळ्या बाटलीच्या बुचाकडून उजेड शिरला की श्वसन कमी दिसतं. बाटलीला फॉइल लावून त्यावर काळी टेप बुचापर्यंत गुंडाळा. बाटल्या दिवसभर ठेवल्या तर काचेवर जिवाणू वाढतात आणि श्वसन फुगतं. उजेडातलं आणि अंधारातलं श्वसन सारखंच, हे गृहीतक तर पद्धतीच्या मुळाशीच आहे, ते टाळता येत नाही.

आणखी एक बारकावा बहुतेक अहवालांत निसटतो. बाटलीत वनस्पतिप्लवकांबरोबर जिवाणू आणि प्राणिप्लवकही असतात, आणि काळ्या बाटलीत या सगळ्यांचं श्वसन मोजलं जातं. त्यामुळे पारदर्शक बाटलीतल्या वाढीचा 1.2 हा आकडा वनस्पतींच्या निव्वळ उत्पादनाचा नाही. तो पूर्ण समुदायाची निव्वळ भर दाखवतो, आणि सांडपाणी मिसळलेल्या तलावात, प्लवक जोरात वाढत असतानाही, तो शून्याखाली जाऊ शकतो.