दारू सोडवायची गोळी: डायसल्फिराम आणि नालट्रेक्सोन

कोल्हापुरात मेडिकलवर "दारू सोडवायची गोळी द्या" म्हणून विचारणारे भेटतात, जणू अशी गोळी एकच असते. एका वहिनींनी तर दाजींना न सांगता ती जेवणातून देऊ का, असं विचारलं. डॉक्टर लिहून देतात त्यांपैकी डायसल्फिराम आणि नालट्रेक्सोन यांची सर्रास गल्लत होते.

डायसल्फिराम जुनी, अमेरिकेत तिला 1951 मध्ये मान्यता मिळाली. ती तल्लफ मारत नाही. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि एक एन्झाइम ते पुढं मोडतं. ही गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. मग वर घोट घेतला की ते त्रासदायक ॲसिटाल्डिहाइड अंगात साचतं आणि तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हृदयरोग्याच्या तर जिवावर बेतू शकतं. सगळा भर धाकावर, आणि धाक बसायला गोळी घेतलीय हे पिणाऱ्याला माहीत पाहिजे ना? वहिनी, तुमची कळकळ समजते, पण दाजींना न सांगता तांबड्या रश्श्यात ती कालवू नका. ते बेसावध पिणार आणि तुम्हाला रात्री सीपीआर, म्हणजे आपला सरकारी दवाखाना, गाठावं लागणार. शिवाय शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो, त्यामुळं जत्रेपुरती गोळी बंद ठेवून भागत नाही. सुरू करण्याआधीही निदान 12 तास दारू बंद हवी. काही खोकल्याची औषधं आणि द्राक्षासवासारखी आसवं यांतही अल्कोहोल असतं, हे घरात कुणाच्या ध्यानात येत नाही.

नालट्रेक्सोन मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे अफूसारख्या रसायनांचा असर जिथं होतो त्या जागांवर, बसते आणि पिण्यातली मजाच फिकी करते. वर प्यायलं तरी तसा त्रास होत नाही, म्हणून पिणं पुरतं थांबायच्या आधीही ती सुरू करता येते. सहसा रोज 50 मिलिग्रॅम. माझं मत विचाराल तर धाकापेक्षा ही वाट बरी. मात्र ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर ती चालत नाही, आणि ऑपरेशन ठरलं तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. यकृताची तपासणी दोन्हींना लागते. यकृत फारच खराब असेल तर डॉक्टर अकॅम्प्रोसेट या तिसऱ्या औषधाचा विचार करतात, पण तिथं किडनी बघावी लागते.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. त्यावर या दोन्हींचा काही उपयोग नाही. त्याची औषधं वेगळी, आणि ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे.